सारवलेल्या कोर्टावरचा सहावा डाव

भुशीची बयाबाई म्हणत्यात मला. लोणावळ्याच्या क्लबातलं टेनिसचं कोर्ट सारवायची मी. हसू नका! शेण आन् पिवळी माती कालवून आठवड्यातनं दोनदा हातानं सारवायचं, वर चुन्याच्या रेघा मारायच्या. मग साहेब लोक त्येच्यावर पांढरे बूट घालून नाचायचे. बंगल्यात ज्या शेणाला नाक मुरडायचे, त्येच्यावरच! जरा ओल राहिली की चेंडू पडल तितं गोल ठसा उठायचा. त्या ठशांवरनं मला खेळ कळायला लागला.

क्लबाचा मार्कर व्हता कादर, बाजारातल्या तांबोळ्याचा. मार्कर म्हंजी पगारी खेळगडी. मेंबराला जोडी न्हाई मिळाली की त्येच्यासंगं खेळायचं, आन् चेंडू असा द्यायचा की मेंबराला पळावं लागू नये. अठरा वर्सं कादरनं येवढंच केलं. पोट सुटलेले मेंबर एका जागी हुबं राहून मारायचे, आन् घरी जाऊन सांगायचे, आज मार्करला हरवलं! माझं डोकंच फिरायचं.

"एकदा तरी धू की मेल्यांना," मी म्हणायची.

"मेंबर हायती ते, मावशी. त्येंच्यावर चूल पेटती माझी."

पण एकदा रेघा मारता मारता त्यो थांबला. म्हणला, "मावशी, माझा खरा खेळ कसा हाय, त्ये मला बी ठावं न्हाई बग." माझ्या काळजात चर्र झालं. 

त्या साली दिवाळीनंतर दोन गोरे खेळाडू आले. हे मेंबरांगत हौसेचे न्हवं, खेळणं हाच त्येंचा धंदा. सगळा हिवाळा मुंबईपासनं कलकत्त्यापतुर गावोगाव हिंडायचं आन् तिकीट लावून एकमेकांसंगं सामने खेळून दाखवायचे. लोणावळ्यात येताच एकाला हिवताप भरला. दुसरा, लय लांबडा गडी, एकटा ऱ्हायला. हंगाम तर सारा फुडं पडलेला! तवा आमच्या सेक्रेटरी साहेबांनी त्येला कादरचं नाव सांगितलं.

लांबड्यानं अट घातली. एक सेट खेळायचा, म्हंजी सहा डाव जो आधी जिंकल त्येची सरशी. त्यात कादरनं निस्ता एक डाव काढला, तरी त्येला हंगामभर संगं घ्यायचं. न्हाई काढला तर रामराम.

निस्ता एक डाव! कादर मला म्हणला, "मावशी, कोर्ट झकास कर." पहाटंपतुर मी गुडघं सोलून घेतलं, पण कोर्ट असं केलं की घरात देव्हाऱ्यापुढं बी तसं कधी सारवलं नसंल.

सकाळी माझं शेणाचं हात धुवायच्या आतच लांबड्यानं पयला चेंडू मारला आन् माझा आ वासला. बया बया बया! चेंडू दिसलाच न्हाई. खाडदिशी आवाज आला, आन् बघते तर रेघंला चिकटून ठसा. माणसाच्या हातात येवढं बळ आन् येवढी नजर असती, त्ये मी जन्मात पयल्यांदा बघितलं. अंगावर काटा आला माझ्या. आन् आमचा कादर तसले चेंडू बी पळून पळून परत धाडत व्हता! मेंबर खुर्च्यांवर पुतळ्यावानी बसले व्हते.

पण एक डाव गेला, दोन गेले. बघता बघता पाच गेले. चेंडू तर सगळे परत जात्यात, मग हा हरतोय कसा? मी लांबड्याच्या बाजूचे ठसे बघितले, आन् कपाळावर हात मारला. समदे ठसे एका जागी! भाकरीच्या परातीत मावतील येवढ्या जागेत, नेमके लांबड्याच्या पायापुढं. अठरा वर्सांची सवय! कादर त्येला बी चेंडू हातात नेऊन देत व्हता. तसला सुसाट आलेला चेंडू घ्यायचा आन् हव्या त्या जागी ठेवायचा, ही काय साधी करणी हाय व्हय? आन् त्याच गुणापायी गडी बुडत व्हता.

मला ऱ्हाववंना. कुंपणाशी हुबी राहून मी बोंबलले, "आरं कादर, त्यो मेंबर हाय व्हय रं तुझा?"

"बाई, तोंड बंद!" सेक्रेटरी साहेब खेकसले. "उद्यापासून कोर्टावर पाय ठेवायचा नाही!"

न्हाई ठेवत, जा! कादरनं माझ्याकडं बघितलं. मग जाळीपलीकडच्या ठशांकडं बघितलं. लय येळ बघत ऱ्हायला.

सहावा डाव सुरू झाला. कादरचा पयला चेंडू उजव्या कोपऱ्यात पडला आन् रेघंचा चुना उडाला. लांबडा पळाला, पण उशीर झाला. दुसरा डाव्या कोपऱ्यात, तितं बी चुना उडाला. तिसऱ्याला लांबडा मागं सरून तयार व्हता, तर चेंडू जाळी वलांडून हळूच पडला आन् तितंच बसला. चार चेंडू जिंकले की डाव; आता येकच ऱ्हायला. त्यो लांबड्याच्या डोक्यावरनं गेला. लांबडा मान वर करून बघतच ऱ्हायला, आन् चेंडू पार मागच्या रेघंवर उतरला. चार चेंडू, चार ठसे, चारी येगळ्या जागी. डाव कादरचा झाला!

  लांबडा मागच्या रेघंपाशी गेला. वाकून ठसा बघितला, चेंडू उचलला, आन् चालत जाळीपाशी येऊन कादरफुडं धरला. अठरा वर्सं त्या कोर्टावर समद्यांचे चेंडू कादरनं उचलले व्हते. त्येला कुणी उचलून दिलेला हा पयला.

कादरनं त्यो दोन्ही हातांनी घेतला. मग कुंपणाकडं वळला, समद्या साहेबांदेखत.

"दिसला का गं, मावशी, माझा खेळ?"

"दिसला रं बाबा, दिसला!" मी म्हणलं. डोळं घळाघळा वाहत व्हतं, आन् हात शेणानं भरलेलं, म्हणून पुसता बी येत न्हवतं.