सुरगाठ

आनंदाने मांडवाच्या दोरीवर कोयता टेकवला, तसा यासीन शिडीवरूनच ओरडला.

"कापू नको! दोरी कापू नको म्हणतो ना!"

"खाडीचा बांध वाहून चाललाय, यासीनभाय!" आनंदाला धाप लागली होती. "वाऱ्याने लाटा कशा मारतात बघा. भरती पुरी चढायला अजून तास हाय. खारं पाणी शेतात घुसलं तर तीन वर्सं भात नाय पिकायचा. ही ताडपत्री द्या आमाला."

ताडपत्री! यासीन भराभर शिडी उतरला. मांडव घालण्यात त्याची हयात गेली होती, पण अशी जाड, कोरी, निळी ताडपत्री त्याने पहिल्यांदाच घेतली होती, आणि तीही लेकीसाठी. परवा रिदाचा निकाह. पनवेलला घरासमोरच जेवण, दोनशे माणूस, आणि हा असा पाऊस. आज आनंदाच्या लेकीच्या, मनिषाच्या हळदीला त्याने ती हौसेने आणली होती, अन् सकाळपासून बायकांना बजावत होता की पिवळे हात लावू नका.

त्याने खाडीकडे पाहिलं. बांधाच्या मातीचे लचके पाण्यात पडत होते.

"कोयता ठेव," म्हणत त्याने दोरीचं टोक ओढलं. सुरगाठ होती, एका झटक्यात सुटली. "अशी ओढायची. दोन मिनिटांचं काम."

मग काय विचारता! डीजेवाल्याने गाणं तोडून माईकवर अख्ख्या गावाला बांधावर बोलावलं. नाचणारी माणसं ताडपत्री खांद्यावर घेऊन पळत सुटली. बांधावर चौघांनी ती नुसतीच पसरली आणि वाऱ्याने चौघांनाही चिखलात लोळवलं.

यासीनला राहवेना.

"अरे, आधी खालच्या कडेत बांबू गुंडाळा! त्याला मातीच्या गोण्या बांधा आणि सोडा पाण्यात!"

बांबू बुडाला, ताडपत्री बांधाच्या उताराला चिकटून बसली. वरच्या कडेला खुंट्या ठोकून यासीनने धडाधड दोऱ्या बांधल्या. तरी वारा कडेखाली शिरायचाच, आणि गोण्या तर संपलेल्या.

"बसा गं सगळ्या!" नवरीची आई शकू ओरडली आणि स्वतः त्या कडेवर फतकल मारून बसली. तिच्याशेजारी मनिषा, मग करवल्या, आत्या, मावश्या. हळदीच्या हातांनी सगळ्यांनी ताडपत्री गच्च धरली. लाट आपटली की त्या किंचाळायच्या आणि हसायच्या. गुडघाभर चिखलात उभा यासीनही वेड्यासारखा हसत होता. इतकी मजा त्याला कित्येक वर्षांत आली नव्हती.

दुपार कलली तसं पाणी ओसरू लागलं. बांध टिकला होता.

आनंदा जवळ आला. आता त्याचा आवाज खाली गेला होता.

"रिदाच्या निकाहची ना ही? आत्ता कळलं. घेऊन जा, यासीनभाय. धुऊन देतो आमी."

"उद्याची भरती?"

आनंदा पायाशी बघू लागला. "उद्या पुनव हाय. आजच्यापेक्षा चढेल."

हाताच्या सवयीने यासीनने इथेही साऱ्या सुरगाठीच मारल्या होत्या. तो पहिल्या खुंटीपाशी उकिडवा बसला, दोरी सोडली, ताणली आणि घट्ट निरगाठ मारली.

"भाय, ही सुटायची नाय," आनंदा म्हणाला.

"नाही सुटायची," म्हणत यासीन पुढच्या खुंटीकडे सरकला.