पत्त्यातले नाम

मी एका संकेतस्थळाचा पत्ता बोलतो आहे. पत्त्याने वाट दाखवावी, एवढाच त्याचा धर्म. माझ्या पोटात मात्र एक गुपित होते आणि ते घेऊन मला चारचौघांत वावरावे लागे. म्हणून माझा जीव कधी थाऱ्यावर नसे.

घाटकोपरच्या नंदकुमारांनी मला घडवले. त्यांच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे एका कुलूपबंद संकेतस्थळावर आहेत. दर वेळी नाव आणि पासवर्ड टाकण्याचा त्यांना कंटाळा. दोन्ही पत्त्यातच लिहिले की दार आपोआप उघडते, असे त्यांना कळले. पासवर्ड विसरू नये म्हणून त्यांनी गुरूंनी कानात दिलेले नाम निवडले होते. पत्नी वसुधाताईंनाही जे कधी सांगितले नाही, ते माझ्या मधोमध येऊन बसले.

सभागृहात अभंग आपोआप लागावेत म्हणून त्यांची सून शर्मिष्ठा हिने एक प्रोग्राम लिहिला. नंदकुमारांनी मला त्यात चिकटवले. एकादशीला इंटरनेट तुटले आणि ‘या पत्त्याशी संपर्क होत नाही’ असे सांगत प्रोग्रामने मला सगळाच्या सगळा मोठ्या पडद्यावर मांडले.

पखवाजवादक शिवदासांनी आधी फोटो काढला, मग चष्मा सावरला. “नंदकुमार... दोन टिंबं... आणि हे काय रे नंदू? श्री...”

“वाचू नकोस!”

“अरे, पासवर्डच ना? तिजोरी फुटल्यासारखा काय ओरडतोस!”

नंदकुमार पडद्यासमोर हात पसरून उभे राहिले. माझी अक्षरे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटली.

शर्मिष्ठाने धावत जाऊन वायर ओढली. “बाबा, आत्ता बदलते पासवर्ड. झालं ना?”

“पासवर्ड बदलशील गं. नाम कसं बदलू?”

ती हातातली वायर गुंडाळू लागली.

प्रोग्राममधली जी लायब्ररी, म्हणजे तयार सूचनांचा संच, मला जसाच्या तसा पुढे करी, तिला शर्मिष्ठाने शिस्त लावली. आता ती लायब्ररी नाव आणि पासवर्ड माझ्यातून आधीच काढून घेते आणि वेगळ्या बंद पाकिटातून दारापर्यंत पोचवते. पडद्यावर त्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात. नवा पासवर्ड अर्थहीन अक्षरांचा आहे.

पण तो फोटो! शिवदासांनी तो ‘कुणाला दुरुस्त करता येईल का?’ म्हणून मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुठे कुठे गेला, मला कळत नाही. नंदकुमार पहाटे माळ हाती घेतात आणि पहिल्याच मण्यावर त्यांचे बोट थबकते.

फिरत फिरत तो फोटो तुमच्याकडे आला, तर हात जोडून विनवतो, मधली अक्षरे न वाचता पुसून टाका. त्या अक्षरांनी आता कोणतेही कुलूप उघडत नाही. एका म्हाताऱ्याला मात्र त्यांच्यावाचून दुसरे दार नाही.