चार इंची पाइप

तीस वर्षं मी लोकांच्या घरातलं तुंबलेलं काढतोय. कमोड, बेसिन, मोऱ्या, मोठमोठ्या इमारतींची चेंबरं. त्यामुळे मेहुण्याने जेव्हा विचारलं, "दाजी, दोन आठवडे येता का? खेड्यात शाळा बांधायची आहे," तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "येतो. पण मी नळाला हात लावणार नाही. विटा द्या, वाळू द्या, काहीही द्या. संडास नको."

"ते सगळं झालंय, दाजी. तुम्ही फक्त या."

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याची एक संस्था आहे. शहरातल्या हौशी लोकांना सुट्टीत खेड्यात न्यायचं आणि त्यांच्या हातून काहीतरी बांधून घ्यायचं, हे तिचं काम. बोलायला इतका गोड की समोरचा नाही म्हणायचंच विसरतो. बायकोचा तर तो जीव की प्राण.

आम्ही बेचाळीस जण होतो. मेहुणा मला दाजी म्हणतो हे ऐकून पहिल्याच दिवशी सगळेच दाजी म्हणायला लागले, विशीतल्या मुली आणि माझ्यापेक्षा मोठे बाप्येसुद्धा. मुक्काम जुन्या शाळेत. पत्र्याच्या तीन खोल्या, एक भिंत पोट सुटल्यासारखी फुगलेली. मुलांना महिनाभर सुट्टी दिली होती, कारण त्यांच्या वर्गांत आमच्या गाद्या पसरल्या होत्या. शंभर पावलांवर नव्या शाळेच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. खरं काम गावातल्या चार गवंड्यांचं. आम्ही विटा वाहायच्या, वाळू चाळायची आणि फोटोत हसायचं.

त्या चौघांतला मुख्य गवंडी पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. राहायला टेकाडाखालच्या वस्तीत. त्याने मला थापी धरायला शिकवली. पहिली रांग मी लावली तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला, पण उसवली नाही. मला कोण आनंद झाला! सिमेंट सुकलेला हात नाकाशी नेऊन पाहिला. स्वच्छ वास. इतकी वर्षं आपण भलत्याच धंद्यात काढली असं वाटलं.

जुन्या शाळेमागे, उताराच्या तोंडाशी, आमच्यासाठी चार नवे कोरे संडास बांधले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून बाहेर पडलो आणि सवयीने मागच्या बाजूला नजर गेली. चारी संडासांचा मिळून एक चार इंची पाइप निघाला होता. त्याच्यावर माती लोटली होती, तीही अर्धवट. मैल्याची टाकी कुठे दिसेना. टाकी म्हटली की तिचं झाकण असतं, हवा जायला एक उभा पाइप असतो. तसलं काहीच नव्हतं. हा पाइप सरळ झुडपांत शिरला होता, उताराच्या दिशेने.

मी पाहिलं. चांगला मिनिटभर उभा राहून पाहिलं. मग परत येऊन विटा उचलायला लागलो. आपलं काम नाही, मनाशी म्हटलं. आपण सुट्टीवर आलोय.

दिवस जात होते. आमच्या लोकांचं वागणं बघून कधी हसू यायचं, कधी चीड. सकाळी दोन तास काम, मग दमलो दमलो. अर्धे खाल्लेले पाव आणि उकडलेले बटाटे कुंपणापलीकडे भिरकावलेले. गावाचा एकुलता एक हातपंप आमच्या जेवणाच्या मांडवाला लागून होता, तिथे दिवसभर कुणी ना कुणी केस धूत असायचं. गावातल्या बाया घागरी घेऊन उभ्या राहायच्या, बघायच्या आणि निघून जायच्या. "किती लाजाळू आहेत नाही?" एक मुलगी म्हणाली. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्यात होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्या म्हणाल्या, "लाजत नाहीयेत गं. वैतागल्यात." पण एवढंच. त्यांनीही पुढे काही केलं नाही.

नवव्या दिवशी गवंडी आला नाही. दहाव्यालाही नाही. अकराव्या दिवशी दुपारी आला, दाढी वाढलेली, आणि थापी न उचलता माझ्यासमोर उभा राहिला.

"दाजी, तुम्ही शहरात नळाचं काम करता ना?"

"हो."

"मग चला जरा."

आम्ही झुडपांतून खाली उतरलो. आधी वास आला. माझ्या ओळखीचा वास, पण उघड्यावरचा, उन्हात शिजलेला. मग माश्यांचा आवाज. पाइप एका ओघळीच्या काठावर संपला होता, नुसता कापलेला, तोंड उघडं. त्याच्या खाली दगडांवर काळपट राखाडी थर साचला होता, त्यावर साय धरल्यासारखी. आमच्या लोकांनी तोंडं पुसायला आणलेले सुगंधी ओले कागद काटेरी झुडपांना लटकत होते, पांढरे पांढरे, धुणं वाळत घातल्यासारखे. पॅड होते. आणि ते सगळं हळूहळू, थबकत थबकत खाली ओढ्यात उतरत होतं.

ओढ्यात, तीसेक पावलांवर, एक बाई वाकून डबा भरत होती. पाण्यावरचं काहीतरी तिने हाताने बाजूला सारलं आणि डबा बुडवला.

"माझी बायको," गवंडी म्हणाला.

"तिला सांग ना, नको भरू म्हणून!"

"मग कुठलं भरू? हातपंप तुमच्याकडे आहे."

त्याची सहा वर्षांची मुलगी दोन दिवस आरोग्य केंद्रात सलाइनवर होती. जुलाब थांबत नव्हते. वस्तीत आणखी अकरा पोरं तशीच पडली होती. ज्यांच्यासाठी शाळा बांधायला आम्ही आलो होतो, तीच पोरं.

तीस वर्षांत मी नको त्यात हात घातलेत, मेलेल्या घुशी काढल्यात, पण कधी ओकलो नव्हतो. तिथे ओकलो. गवंडी बाजूला उभा राहून माझं होईपर्यंत थांबला. तोंड धुवायला पाणी हवं होतं, पण मागणार कसं आणि कुठलं?

मेहुणा मांडवात बसून पाहुण्यांची यादी करत होता. उद्घाटन परवावर आलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो दचकेल.

"हळू बोला दाजी," तो म्हणाला. "माहीत आहे मला. टाकीसाठी खणायला गेलो तर दोन फुटांवर कातळ लागला. तुम्ही सगळे येऊन ठेपलेले. मग काय करायचं? शाळा रद्द करायची?"

"दुसरीकडे खणायचं."

"वेळ कुठे होता? आणि ओढा वाहता आहे, जातं वाहून. ते लोक उकळून पितात पाणी."

"तू बघितलंस उकळताना?"

तो हसला. ते हसू मी अनेक वर्षं पाहत आलोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याची किळस आली. बरणीतलं लोणचं वरून छान दिसावं आणि चमचा घातल्यावर खाली बुरशी निघावी, तसं झालं.

"परवापर्यंत कळ काढा, दाजी. पाहुणे गेले की आपण बघू."

"उद्या सकाळी मी तो पाइप बंद करतोय. तुझ्या माणसांना सांगून ठेव."

त्याने त्याच्या माणसांना सांगितलं नाही. बहिणीला मात्र सांगितलं. तासाभरात बायकोचा फोन.

"तुम्ही त्याच्या कामात खोडा घालताय म्हणे."

"इथे पोरं आजारी आहेत गं."

"मग डॉक्टर बोलवायला सांगा. त्याने जिवाचं रान केलंय. तुम्ही कोण त्याची शोभा करणारे?"

मी फोन ठेवून दिला. कोण, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

सकाळी सहाला, कुणी उठायच्या आत, मी पाइप कापला आणि बांधकामाच्या सामानातली एक टोपी त्याच्या तोंडावर बसवून पक्की चिकटवली. मग नाश्त्याच्या वेळी बाकावर उभा राहिलो. "संडासाचा पाइप बंद केलाय. कुणी वापरू नका. सगळं ओढ्यात जात होतं, खालची पोरं तेच पाणी पितात."

मेहुणा टाळी वाजवून म्हणाला, "दाजी मस्करी करताहेत. चला, शेवटचा दिवस, रंगाचे डबे घ्या!" लोक हसले आणि अंड्यांवर तुटून पडले.

दहा वाजेपर्यंत चारी संडास काठोकाठ भरले. साडेदहाला पहिल्या दोघांतून बाहेर आलं, उंबरा ओलांडून पायवाटेवर. एक मुलगी किंचाळत सुटली, तिची चप्पल तिथेच राहिली. तोंडाला रुमाल लावून सगळे मांडवात गोळा झाले.

"शी! शी! हे कुणी केलं?" एक गृहस्थ ओरडले.

"आपणच," मी म्हणालो. "अकरा दिवस करतोय. आजपर्यंत खाली जात होतं म्हणून दिसत नव्हतं. कुठे जात होतं ते बघायचं असेल तर चला माझ्याबरोबर."

बेचाळिसातले नऊ जण आले. ओघळीच्या काठावर मॅडमनी झुडपाला लटकलेला एक कागद पाहिला, मग स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीतलं तसलंच पाकीट काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. वर आल्यावर त्यांनी साडीचा पदर खोचला. "पहार कुठे मिळेल?"

मेहुण्याने तोवर गाड्या मागवल्या होत्या. बाकीच्यांना शहराच्या रस्त्यावरच्या लॉजवर हलवलं. निघताना तो माझ्याजवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "ताईचा नवरा आहात म्हणून हात जोडतो. नाहीतर..." पुढचं त्याने गिळलं.

कातळ कुठे नाही ते गवंड्याला ठाऊक होतं. ओढ्याच्या उलट बाजूला, जुन्या शाळेच्या डावीकडे, माती खोल होती. त्याने काठीने चौकोन आखून दिला. ते नऊजण, मी, तो आणि वस्तीतले चार बाप्ये, दिवसभर खणत होतो. पण खणणं सोपं होतं. भरलेले संडास उपसायचं काम उरलं होतं, आणि ते बादलीनेच व्हायचं. वस्तीतल्या एकाने बादलीला हात घातला तेव्हा मी ती काढून घेतली. "हे तुमचं नाही." मी आणि मॅडमनी उपसलं. त्या दोनदा बाजूला जाऊन ओकून आल्या, तोंड बाहीला पुसून परत बादली धरली. ओघळीतला थर आम्ही फावड्याने खरवडून खड्ड्यात टाकला, वर चुना. कागद एकेक करून वेचले. ते काट्यांत अडकलेले असायचे, ओढले की फाटायचे आणि बोटांना चिकटायचे.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. आमचं काम संपलं नव्हतं, मी पाइप नव्या खड्ड्याकडे वळवत होतो. लाउडस्पीकरमधून एकेक शब्द ऐकू येत होता. मेहुणा सांगत होता, या भिंतींत बेचाळीस हृदयं आहेत. पुढच्या रांगेत वरच्या गावातली मुलं टोप्या घालून बसवली होती. खालच्या वस्तीतलं एकही नव्हतं. वारा आमच्याकडून मांडवाकडे वाहत होता. प्रमुख पाहुण्यांनी रुमाल काढला असावा, कारण मेहुणा मध्येच थांबला आणि म्हणाला, "क्षमा करा. इथल्या लोकांत स्वच्छतेची जाणीव अजून कमी आहे. पुढच्या वर्षी आपली संस्था त्यावरही काम करणार आहे."

माझ्या हातातली करवत थांबली. मॅडमनी बादली खाली ठेवली. तशाच, चिखलाने आणि त्या घाणीने भरलेल्या साडीत, त्या तडक मांडवात गेल्या. मी मागोमाग धावलो. माइक कुणी दिला नाही, पण बँकेत काउंटरवर आयुष्य घालवलेला त्यांचा आवाज होता.

"हा वास यांचा नाही. आमचा आहे. आमची घाण आम्ही यांच्या पिण्याच्या पाण्यात सोडली होती. बारा पोरं आजारी आहेत."

मागून एकाने टाळी वाजवली. हळूहळू सगळ्यांनी वाजवल्या. बाई प्रामाणिकपणे बोलल्या म्हणून की कार्यक्रमातलंच काहीतरी आहे असं वाटून, कोण जाणे. पाहुणेही वाजवत होते. मेहुणाही, मान तिरकी करून, डोळे ओले केल्यासारखं दाखवत. मॅडम गोंधळून उभ्या राहिल्या. दोन दिवस उपसलेल्या घाणीत मला जे झालं नव्हतं, ते त्या टाळ्यांनी झालं. अंगभर शिरशिरी आली. वाटलं, पाइप बंद करून काय उपयोग, हे तर वरूनच वाहतंय.

संध्याकाळी मी हत्यारं गोळा करत होतो. गवंडी आला. त्याच्या मुलीला घरी सोडलं होतं, पेज प्यायली होती. हातपंप आता वस्तीच्या बायांनी धरला होता.

"ओढ्याचं पाणी कधी पिण्यासारखं होईल?" त्याने विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. तपासून घ्यावं लागेल. मी माणूस पाठवतो."

तो जायला वळला, मग थांबला. "दाजी, एक विचारू? तुम्ही हाच धंदा करता. टाकी नाही हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असेल."

"दुसऱ्या," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. ओघळीच्या काठावर मी कागदांकडे जसं पाहिलं होतं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उतार उतरून गेला.

घरी पोचलो. बायकोने दार उघडलं, एक पाऊल मागे सरली. पाणी तापवून दिलं. तीनदा साबण लावून बाहेर आलो तरी ती बोलेना. जेवण वाढलं, समोर बसली. मग भिंतीकडे बघत विचारलं, "त्या पोरीचं काय झालं?"

"घरी आली. बरी आहे."

"आणि बाकीची?"

मी सगळं सांगितलं. पाइप, टाळ्या, स्वच्छतेची जाणीव. मी दुसऱ्या दिवशी काय पाहिलं होतं आणि काय केलं नव्हतं, तेही सांगितलं. तिने अर्ध्यातच माझं ताट पुढे सरकवलं, पण खा म्हणाली नाही. तिचा भाऊ होता तो, आणि मी तिचा नवरा. दोघांपैकी कुणाची लाज जास्त वाटावी, ते तिला ठरवता येत नव्हतं बहुतेक.

पाणी तपासणारा माणूस मी आठवड्याने पाठवला. त्याने सांगितलं, अजून दोन महिने तरी नको.