दोघांना दिसला तरच

वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून मी चौतीस वर्षं काढली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक मला दुकानाच्या दारातूनच कळायचं. मग दुकानदाराची अशी खरडपट्टी काढायचो की रस्त्यावर माणसं गोळा व्हायची. खोटं कशाला सांगू, मजा यायची.

निवृत्त झालो आणि नातीने मला पक्ष्यांच्या नादी लावलं. ती दहा वर्षांची, अंगाने इतकी बारीक की घरात सगळे तिला चिमटी म्हणतात. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं गच्चीवर. दोन खुर्च्या, एक दुर्बीण, एक वही. नियम मी घातला होता: पक्षी दोघांना दिसला तरच नोंद, एकालाच दिसला तर सोडून द्यायचा. खात्यातली सवय, दुसरं काय!

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, आता दिसणं कमीच होत जाणार. घरात मी अवाक्षर काढलं नाही. आजोबांना दिसत नाही म्हटल्यावर वहीच बंद. मग ही पोर माझ्यापाशी कशाला येऊन बसेल? म्हणून तिने बोट दाखवलं की मी ठोकून द्यायचो, "हो हो, दिसला!"

परवाच्या रविवारी ती कुजबुजली, "आजोबा, समोरच्या तारेवर खंड्या!"

मी दुर्बीण लावली. सगळं धुरकट. "अगं, काय निळा आहे! चोच बघ केवढी! आणि मान वळवली बघ!"

तिने दुर्बीण घेऊन पुन्हा नीट पाहिलं. "आजोबा, माझं चुकलं. ती चिंधी आहे, तारेत अडकलेली."

मी सवयीने आवाज चढवला, "आधी नीट बघायचं नाही का? उगाच आपलं..." मी पकडलेला प्रत्येक माणूस आधी असाच ओरडायचा.

"कधीपासून दिसत नाही?" तिने विचारलं.

"पाच महिने झाले."

ती रागावली नाही, रुसली नाही. वही मांडीवर घेतली आणि पट्टी लावून त्या पाच महिन्यांतली एकेक ओळ खोडली. एकवीस ओळी. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पट्टी हलली नाही. मग नाक पुसून म्हणाली, "आता डोळे मिटा. मी पण मिटते. दोघांना ऐकू आला तर लिहायचा."

देवासमोर मी रोज डोळे मिटून बसतो, पण आत कोणाची ना कोणाची झडती चालूच असते. त्या दिवशी पहिल्यांदा आत शांत झालं. आयुष्यभर मी खरेपणाचा दंडुका करून फिरलो. या एवढ्याशा पोरीने खरं ते केलं आणि माझ्याजवळून उठलीही नाही. मनातल्या मनात मी तिला नमस्कार केला.

पाण्याच्या टाकीमागून बारीक शीळ आली. दोनदा, अगदी स्पष्ट.

"ऐकलीस?" मी उतावळेपणाने विचारलं.

ती जरा थांबली. मला वाटलं, माझं मन राखायला हो म्हणेल.

"नाही आजोबा, मला नाही ऐकू आली."

तिने पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली आणि पुन्हा डोळे मिटले.