रुखवतातली काचपेटी

माझ्या पोटात आत्ता दोन मासे उघड्या डोळ्यांनी विसावलेत, म्हणून जरा हळूच बोलते. मी काचपेटी. पासली गावच्या चंद्राबाईंच्या घरात, माजघराच्या भिंतीलगतच्या लाकडी बाकावर माझा मुक्काम असतो. गावातले लोक मला फिश टँक म्हणतात, चंद्राबाई नुसतं पेटी म्हणतात आणि त्यांची सून सुलक्षणा मला काहीच म्हणत नाही. ती समोर येऊन बसते आणि बोलायला लागते.

माझा जन्म नसरापूरचा. तिथे रस्त्याकडेला अद्वय नावाच्या तरुणाचं माशांचं दुकान आहे. त्यानं पाच काचा कापल्या, त्यांच्या कडा घासल्या, सांध्यांत सिलिकॉन भरलं आणि मला उभी केली. मग कितीतरी वेळ मला कुणाला हात लावू दिला नाही. "वाळू दे तिला. घाई केली तर जन्मभर गळेल," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी ऐकलेलं हे माणसाचं पहिलं बोलणं. त्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला.

मला विकत घेतलं ते कामथडीच्या शेफालीनं. तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे सुलक्षणाचं लग्न ठरलं होतं आणि रुखवत मांडायचं काम शेफालीनं अंगावर घेतलं होतं. सुपाऱ्यांचे भटजी आणि लाडवांची बैलगाडी सगळ्यांकडेच असते; आपल्या रुखवतात काहीतरी जिवंत पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"टँक आज न्या, मासे महिन्याभरानं न्या," अद्वय म्हणाला.

"लग्न परवा आहे."

"नव्या पाण्यात मासे टिकत नाहीत, ताई."

"मग रुखवतात काय नुसतं पाणी मांडू? लोक म्हणतील, नवरीबरोबर हंडाभर पाणी दिलंय, पासलीला पाणी नाही वाटतं."

अद्वय हसला, आणि हसला तिथेच हरला. दोन सोनेरी आणि दोन काळे मासे त्यानं माझ्यात सोडले.

लग्न हायवेकडेच्या कार्यालयात झालं. रुखवताच्या टेबलावर सगळ्यात जास्त गर्दी माझ्यापुढे होती. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला सांगू? मंगलाष्टकं संपली तशी लोकांनी मुठीत उरलेल्या अक्षता माझ्यात टाकल्या. एका बाईनं हळदीकुंकवाची चिमूट सोडली. कुणीतरी बुंदीचे चार दाणे टाकले. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. माणसं आनंदात आली की हातात असेल ते उधळतात, एवढं मी त्या दिवशी शिकले.

संध्याकाळी मला काठोकाठ भरलेली, तशीच टेम्पोत चढवली. वेल्ह्याच्या पुढे वळणं सुरू झाली आणि माझं पाणी एकदा या काचेवर, एकदा त्या काचेवर आदळायला लागलं. निम्मं पाणी रुखवताच्या गाद्यांनी पिऊन टाकलं. मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटले होते.

पासलीला पोचल्यावर नवरीवरून भाकरतुकडा ओवाळला, उखाणे झाले, घर भरून गेलं. त्या गडबडीत चंद्राबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आगं बया, पाण्यावाचून तडफडत्यात की ही," म्हणत त्यांनी नळाचा हंडा आणून माझ्यात ओतला. त्या दिवशी गावच्या टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकलेली होती. माणसाच्या पोटाला ती राखते, माशाच्या कल्ल्यांना मात्र जाळते. मग त्यांनी मूठभर भातही कुस्करून टाकला. आलेला जीव उपाशी निजवायचा नाही, ही त्या घरची रीत.

सकाळी चारही मासे पाण्यावर उताणे तरंगत होते.

साळूबाई चहाला आल्या होत्या. त्या चंद्राबाईंच्या थोरल्या जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आल्या पावली चार जीव गेलं. पायगुण म्हनायचा का काय हा?"

सुलक्षणा दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. तिनं सासूकडे बघितलं. चंद्राबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला तिरकी करून परसात रिकामी केली आणि ओट्यावर नेऊन ठेवलं.

साळूबाईंच्या बोलण्यापेक्षा आत्यांचं गप्प राहणं जास्त लागलं, असं सुलक्षणानं मला पुढे सांगितलं. सासूला ती आत्या म्हणते.

त्यानंतर मी बरेच दिवस नुसतं एक खोकं होते. माझ्यात कांदे आले, मग मोबाईलचे चार्जर आले, गोरखचे पाने आणि स्क्रू आले. गोरख म्हणजे सुलक्षणाचा नवरा. वेल्ह्यात पिकअप चालवतो. मग एक दिवस चंद्राबाईंनी माझ्यात भाताचा पेंढा घातला आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. मला आधी राग आला. पण पोटात रात्रंदिवस कुणीतरी ऊब धरून बसलंय, हे बरं वाटायला लागलं. पिल्लं निघाली तेव्हा अंड्याचं कवच फुटताना आख्ख्या आळीनं काचेतून बघितलं.

सुलक्षणा सांजवेळी ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसायची. घरात ती चार शब्दांत उत्तरं द्यायची. माझ्याशी मात्र पुष्कळ बोलायची: पाणवठ्यावर कोण काय म्हणालं, भात लावताना कंबर कशी धरली, कामथडीला आता आई काय करत असेल.

एकदा गोरखनं तिला तिथे गाठलं. "आगं, चार माशांचं काय एवढं घेऊन बसलीस? दुसरं आणू की."

"आणले आणि परत मेले तर?"

"तर तिसरं आणू."

"तुम्हाला हसू येतंय. माझं नाव पडेल गावात. मग म्हैस आटली तरी माझ्यामुळं आणि पिकअप पंक्चर झाली तरी माझ्यामुळं."

"मंजी आणायचं न्हाईत?"

"आणायचे. पण मरू द्यायचे नाहीत."

पंचमीला ती माहेरी गेली तेव्हा नसरापूरला अद्वयच्या दुकानात जाऊन बसली. परत आली ती मासे न घेताच. पिशवीत एक छोटी मोटर होती आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला काळपट, ओला स्पंजचा तुकडा होता. तिनं मला नुसत्या मिठानं आणि पाण्यानं घासलं. चंद्राबाई साबण घेऊन पुढे आल्या तर तिनं नको म्हटलं. मग तिनं मला ओट्यावरून माजघरातल्या बाकावर आणलं, विहिरीवरून खेपा घालून भरलं, मोटर लावली आणि तो स्पंज तिच्यात बसवला.

चंद्राबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ही जुनी घासणी कशाला त्यात?"

"घासणी नाही, आत्या. विरजण आहे."

"कशाचं?"

"पाण्याचं. माशांची घाण पचवणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. नव्या पाण्यात ते नसतात. दुकानदाराच्या चालू टाकीतला हा तुकडा आहे. हा लावायचा, रोज त्या जिवांसाठी खाण्याची चिमूट टाकायची, पाणी मुरू द्यायचं. मग मासे."

चंद्राबाई खाली बसल्या. "मंजी त्या दिवशी आपण दूध तापवलं आन लगीच दही मागितलं."

"तसंच झालं, आत्या."

"आन नळाचं पाणी?"

सुलक्षणा घुटमळली. "त्यात टीसीएल असतं. माशांना सोसत नाही. उघडं ठेवलं की हळूहळू उडून जातं."

"ते म्या वतलं व्हतं."

"तुम्हाला कुठं माहीत होतं."

चंद्राबाई उठल्या आणि चुलीकडे गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ती खाण्याची चिमूट त्याच टाकायला लागल्या, सुलक्षणा शेतात असली की.

माझं पाणी आधी दुधाळ झालं, मग आपोआप निवळलं. आतून मला रोज काहीतरी बदलल्यासारखं वाटायचं, दिसत मात्र काही नव्हतं. गोरख येताजाता म्हणायचा, "नुसत्या पाण्याचं लाईटबिल भरणारं आख्ख्या तालुक्यात आपलंच घर." सुलक्षणा त्याला उत्तर द्यायची नाही, पण आता हसायची.

भाऊबीजेला ती परत माहेरी गेली, आणि या खेपेला येताना मासे घेऊन निघाली. चार मागितले तर अद्वयनं दोनच दिले. त्यांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवीत पाणी थोडं, हवा जास्त. ती पिशवी बादलीत, बादलीभोवती आईची गोधडी, वर झाकण. अंधार असला की मासे घाबरत नाहीत. एसटीत बादली तिनं मांडीवरच धरली, हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं.

कंडक्टरनं झाकणाकडे बोट केलं. "ताई, कोंबडं असंल तर तिकीट पडंल."

"मासे आहेत."

"मग वास कसा न्हाई?"

"जिवंत आहेत. पेटीत ठेवायला नेतेय."

त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दमानं घे रं, गाडीत लेकुरवाळी हाय."

सगळी गाडी हसली. ड्रायव्हरनं खड्डे खरोखरच चुकवले, पण मार्गासनीच्या पुढे गाडी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत ऊन चढलं. सुलक्षणा बादली घेऊन झाडाखाली बसली. झाकण उघडून बघावं असं सारखं वाटत होतं, पण तिनं उघडलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा माशांची बातमी आधीच पोचलेली होती. माजघर बायकांनी भरलं होतं, साळूबाई पुढे. सुलक्षणानं गोधडी सोडली. मासे पिशवीत वर येऊन तोंडं उघडत होते. तिनं पिशवी न सोडता तशीच माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली. डोंगरातल्या विहिरीचं माझं पाणी गारठलेलं, आणि पिशवीतलं उन्हात फिरून आलेलं. तो फरक मला काचेपर्यंत जाणवला; एकदम सोडले असते तर माशांना तो सोसला नसता.

"टाक की आता," साळूबाई म्हणाल्या. "का भटजी बोलवायचाय?"

"गुदमारत्यात ती, बघ की," मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाईतर हिच्या हातनं ही बी जात्याल."

सुलक्षणाचा हात पिशवीच्या रबरावर गेला. एकदम ओतून मोकळं व्हावं, असं तिला वाटलं असणार. तिनं मान वळवून सासूकडे बघितलं, त्या पहिल्या सकाळी बघितलं होतं तसंच.

"उठा," चंद्राबाई बायकांना म्हणाल्या. "लगीन न्हाई हितं. पाहुणं लांबनं आल्यात, त्यांना जरा टेकू द्या. चला, ओट्यावर च्या घ्या."

दार लोटून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "हां, तुज्या मनासारखं कर. काय करू सांग."

मग दोघी वाटी घेऊन बसल्या. पिशवीचं तोंड उघडलं, माझ्यातलं वाटीभर पाणी पिशवीत घातलं आणि थांबल्या. पुन्हा वाटी, पुन्हा थांबणं. मध्येच चंद्राबाई विचारायच्या, "आता?" आणि सुलक्षणा म्हणायची, "अजून थोडं." बाहेर बशा वाजत होत्या. हळूहळू माशांची तोंडं मिटली आणि ते पिशवीच्या तळाशी उतरले. तेव्हा सुलक्षणानं त्यांना छोट्या जाळीनं उचलून अलगद माझ्यात सोडलं. पिशवीतलं पाणी तिनं माझ्यात येऊ दिलं नाही, परसात ओतलं.

चंद्राबाईंनी आपलं जुनं लुगडं आणून माझ्यावर पांघरलं. त्यांची एक मूठ मात्र मघापासून मिटलेली होती.

"काय आहे, आत्या?"

"भाताचं येक शीत. येकच."

"उद्या."

"उपाशी निजवायचं?"

"उद्या सकाळी तुम्हीच घाला. त्यांचं खाणं आणलंय मी."

चंद्राबाईंनी मुठीकडे बघितलं आणि ते शीत स्वतःच्याच तोंडात टाकलं.

सकाळी लुगडं उचललं तेव्हा दोघंही माझ्या काचेला तोंड लावून बाहेर बघत होते. पाठोपाठ साळूबाई दारात हजर. "काय गं, हाईत का?"

"हाईत," चंद्राबाई म्हणाल्या. "आन जाऊबाई, आगुदरचं मासं म्या मारलं. नळाचं पाणी म्या वतलं, भात म्या घातला. माज्या सुनंच्या पायाला पुन्ना काय लावायचं न्हाई."

साळूबाईंनी चहाची बशी ओढली. आत सुलक्षणाचा भाकरी थापायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. मासे बोटाएवढे होते, आता तळहाताएवढे झालेत. अद्वय म्हणतो, यांना मोठी पेटी लागेल, आणि सुलक्षणा तिची तयारी करतेय. म्हणजे माझ्यातून हे दोघं जातील, आणि मला पुन्हा नवं कुणीतरी बारीक मिळेल. मला चालेल. कोंबडी आली तरी चालेल.

तुम्हाला एकच विनवणी करते. मला रुखवतात जरूर ठेवा, पण रिकामी ठेवा. माझ्यात पाणी मुरू द्या. मासे मागून आणा, अंधारातून, मांडीवरून, वाटी-वाटीनं. नव्या पाण्यात आलेला जीव पहिल्या दिवशी काही करून दाखवू शकत नाही. त्याला कुणी काही मागू नका.

आज साळूबाईंच्या लेकाचं, पप्पूचं लग्न झालं. भिंतीपलीकडे बँजो वाजतोय, माणसांचा गलका चाललाय. मघाशी साळूबाई स्वतः नव्या सुनेचा हात धरून इकडे आल्या. "सुलक्षणा, हिला जरा तुज्याकडं बसू दे गं. आमच्यात लई गोंधूळ हाय," एवढं बोलून त्या दार ओढून गेल्या.

सुलक्षणानं तिला माझ्यासमोर पाट दिला आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. नाव विचारलं नाही, उखाणा घ्यायला लावला नाही. मुंडावळ्या तशाच, ती मुलगी मासे बघता बघता भिंतीला टेकली आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. सुलक्षणानं दिवा मालवला. मासे आपल्या जागी थांबलेत, आणि मी तर काच आहे. आवाज न करता सोबत करणं मला जमतं. आता मीही गप्प बसते.