मुठीतलं चाक

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. घड्याळं दुरुस्त करणारे लोक डोळ्यावर अडकवतात ना, काळ्या टोपणातलं, ते. सगळा बाजार माझ्या मालकांना घड्याळकाका म्हणायचा आणि काकांनी माझं नाव ठेवलं होतं डोळोबा. तेव्हापासून मी स्वतःला भिंग कमी आणि माणूस जास्त समजतो. कारखान्यात माझी काच घासली गेली ते दिवस आठवावेत असे नाहीत. माझं आयुष्य सुरू झालं ते काकांच्या उजव्या डोळ्यावर.

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. वीतभर अंतरापलीकडचं मला काहीसुद्धा दिसत नाही. जवळचं मात्र असं दिसतं की विचारू नका! तिळाहून लहान स्क्रू मला सुपारीएवढा. बाकीचं जग म्हणजे नुसते आवाज.

आणि काकांचा हात! काय सांगू तुम्हाला! चिमट्याने चाक उचलताना ते श्वास रोखून धरायचे. कुणी हाक मारो, शेजारी भांडी कोसळोत, हात हलायचा नाही. अगदीच गडबड झाली तर हातातला भाग मुठीत घ्यायचा आणि सुटे भाग ठेवायची डबी समोर येईपर्यंत मूठ उघडायची नाही, हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. काकू चहा घेऊन ताटकळायच्या.

"आधी ते मेलं चाक, मग बायको!"

"अगं, तू पडलीस तर उठून भांडशील तरी. चाक पडलं की गेलंच."

दुकान अरुंद आणि आत अंधार, म्हणून काकांचं टेबल थोडं फुटपाथवर यायचं. चूक होती, नाही कोण म्हणतंय? त्या दिवशी एका नर्सबाईंचं घड्याळ उघडलेलं होतं. त्यांच्या आईची तेवढीच आठवण उरली होती आणि तसली चाकं आता कुठे मिळत नाहीत. काकांनी चाक उचललं, श्वास रोखला, आणि वरून आवाज आला, "ए, ऊठ! टेबल आत घे!"

श्वास रोखलेला माणूस बोलणार कसा?

"पोलिसांचं ऐकू येत नाही का रे?" टेबलाला जोरात धक्का बसला. चाक मुठीत घेऊन काका धडपडत उभे राहिले.

"मुठीत काय आहे? उघड!"

"उघडतो साहेब, एक मिनिट, तेवढी डबी..."

"हात उगारतोस?"

डबीकडे नेलेला हात होता हो तो! पण पुढे कुणी ऐकलंच नाही. दोघा पोलिसांनी मिळून काकांना टेबलावर पालथं पाडलं आणि हात पाठीमागे पिरगाळला. मी त्यांचा डोळा आणि लाकूड यांच्यामध्ये चेंगरलो. मला फक्त लाकडाच्या रेषा दिसत होत्या. मागे बोटं एकेक करून उघडली जात होती, तो आवाज मी ऐकला. काकू जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "अहो, सोडा त्यांना! चाक आहे त्यात, नुसतं चाक!"

शेवटी मूठ उघडली.

"हात्तिच्या! रिकामीच आहे की," एकजण म्हणाला.

चाक त्यांना दिसलंच नव्हतं. ते कुठे पडलं, कुणाच्या बुटाखाली गेलं, देव जाणे.

चौकीवरचे साहेब बोलायला मऊ होते. "टेबलाचा दंड भरून सुटला असतात. मूठ का नाही उघडली?"

"चाक पडलं असतं, साहेब."

 साहेबांनी लिहिलं, काकांनी सरकारी कामात अडथळा आणला, आणि बोटं झटापटीत मोडली. पुढे काकूंनी तक्रार केली, हेलपाटे घातले. सगळं नियमाप्रमाणेच झालं, असं उत्तर आलं.

प्लास्टर निघालं तेव्हा काकांनी मला डोळ्यावर चढवलं आणि चिमटा हातात घेतला. चिमट्याचं टोक थरथरत होतं. मित्रांनो, लहान गोष्ट मोठी करून दाखवणं हेच माझं काम. त्या दिवशी मी फुटलो असतो तर बरं झालं असतं. काका खूप वेळ बघत राहिले. मग मला काढून म्हणाले, "दुकान कुणाला द्यायचं ते बघ." पदरात दाबलेला काकूंचा हुंदका ऐकू आला.

आता मी काकांच्या खिशात असतो, सवयीने. काकांनी हाय खाल्ली आहे. रस्त्यात वर्दी दिसली, मग तो बँकेचा साधा पहारेकरी का असेना, त्यांचे दोन्ही हात आपोआप उघडतात आणि हातातलं खाली पडतं. परवा अंडी पडली, त्याआधी औषधाची बाटली.

तुमच्यातलं कुणीतरी मोठेपणी वर्दी घालेल. बंद मूठ दिसली तर आधी विचारा आत काय आहे, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबा. एवढंच मागणं आहे. मागतोय खरा, पण कुणी ऐकेल असं आता मला वाटत नाही.

काल काकांची मुलगी आली होती, तान्ह्या बाळाला घेऊन. दवाखान्यात जायला सगळे निघाले, तेव्हा दारात ती म्हणाली, "बाबा, जरा हिला घ्या ना, मी पिशवी घेते."

काका दोन पावलं मागे सरकले.

"नको गं बाई. रस्त्यात कुणी वर्दीतलं आलं, तर माझे हात उघडतील."