लाल गालिच्यावरचा कच्चा टाका

मी कच्चा टाका बोलतोय. होय, तोच, हिरव्या गाऊनच्या घेरावरचा पांढरा धावदोरा, ज्याच्या छायाचित्राभोवती लाल वर्तुळ काढून लोक मनसोक्त हसले. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून न विचारता सांगतो. आणि क्षमा मागण्यासाठी तर मुळीच सांगत नाही.

शिवणकामात माझे आयुष्य तात्पुरतेच मानले जाते. कापडाची घडी हलू नये म्हणून मला घालतात आणि काम पुरे झाले की ओढून केरात टाकतात. रंगही मुद्दाम न जुळणारा, काढताना चटकन दिसावा म्हणून.

मला घातले ते एका मावशीने. नाटकांचे पोशाख शिवण्यात तिची हयात गेली. आतून पक्की शिलाई झाली तरी, कपडा अंगावर घालून चालून पाहिल्याशिवाय ती कच्चा टाका काढत नसे. "उभ्या माणसावर सगळंच शोभतं," ती म्हणे, "चालायला लागलं की कपडा खरं बोलतो."

हा गाऊन तिच्या भाचीसाठी होता. भाची अभिनेत्री, पुरस्कारासाठी तिचे नाव प्रथमच पुढे आले होते. एका बड्या वेशरचनाकाराने पाठवलेला झगा तिने परत केला. लहानपणापासून तिचे प्रत्येक सोंग मावशीनेच सजवले होते, मग याच वेळी परक्याचे कशाला?

पण तिला धास्ती होती. सोहळ्याच्या लाल गालिच्याच्या टोकाला पोशाखांना गुण देणारा एक परीक्षक हातात माइक आणि पाट्या घेऊन उभा राही. मागच्या वर्षी त्याने एका ज्येष्ठ नटीला 'खिडकीचा पडदा' म्हटले. निर्मातेही तिला गमतीने तेच म्हणू लागले, आणि हळूहळू तिला कामासाठी बोलावणेच थांबले.

सोहळ्याच्या संध्याकाळी गाऊन अंगावर चढवून झाल्यावर "दारापर्यंत जा आणि परत ये," मावशी म्हणाली. भाची दारापर्यंत गेली. बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. कोणीतरी तिचा हात धरून तिला गाडीत बसवले. "अगं थांब, दोरा राहिलाय!" मावशी ओरडली, तोवर काच वर गेली होती.

माणसांच्या जुन्या कथांत वस्त्रपरीक्षेची रीत बहुधा एकच दिसते. परका दारात येतो. पहारेकरी त्याचा पोशाख पाहून त्याला आत घेतो किंवा हाकलतो. कथा मात्र पाहुण्याचीच बाजू घेते. पहारेकऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगण्याची तसदीही ती घेत नाही. आमचा परीक्षक त्याच पहारेकऱ्याचा वंशज. फरक इतकाच की याला कॅमेरा मिळाला आहे.

"अरे वा, हे काय?" तो खाली वाकला. "पांढरा दोरा? मॅडम, टेलरकडून पळून आलात की काय?"

भोवती हशा पिकला. भाचीने प्रथमच खाली पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. परीक्षकाने मला चिमटीत धरले. "काढून टाकतो, फुकट सेवा!"

त्या क्षणी ती नुसती हसली असती, तरी प्रसंग निभावला असता. मावशीचे नाव न घेताही सगळा दोष शिवणाऱ्या हाताच्या माथी गेला असता.

"हात काढा," ती म्हणाली. "तो माझ्या मावशीनं घातलाय. काढेल तर तीच काढेल."

"मावशी? हा कुठला नवा ब्रँड?"

"आईची धाकटी बहीण. दुकानात मिळत नाही."

त्याने पाटी उचलली. "दहापैकी दोन!"

"एकच द्या ना. तुमच्या मते कपडा अर्धवटच आहे, मग दोन कशाला वाया घालवता?"

पुरस्कार दुसरीला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या हातून दोन जाहिरातीही गेल्या. मावशीने ते छायाचित्र पाहिले होते. ती शिवणयंत्र झाकून ठेवून बसली होती. "माझ्यापायी तुझं हसं झालं गं. यापुढे बाहेरून शिवून घे."

"तू आणि बाहेरून शिवून घे म्हणतेस? पुढच्या महिन्यात दुसरा सोहळा आहे. तोच माणूस, तोच गालिचा. मी हाच गाऊन घालणार."

"मग आण इकडे, दोरा काढू दे."

"नाही. तसाच."

मावशीने तिच्याकडे रोखून पाहिले. मग गाऊन मांडीवर ओढला, सुईत जाड पांढरा दोरा दुहेरी ओवला आणि माझ्या शेजारून दुसरा कच्चा टाका घालायला घेतला; लांब लांब, ठळक.

"हे काय गं?"

"असू दे. मागच्या वेळी बिचाऱ्याला वाकावं लागलं. कंबर धरली असेल त्याची."

भाची इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

सध्या मी कपाटात लटकतो आहे, जोडीला धाकटा भाऊ. मला कोणी काढलेले नाही, कोणी लपवलेलेही नाही. परीक्षकमहाशय, पाट्या पुसून तयार ठेवा. आम्ही येत आहोत, आणि या वेळी लांबूनच दिसू.